चारशे फटके कुणी कुणाला मारले?

समजा, एखाद्या मराठी सिनेमाचं नाव ‘नाकी नऊ’ आहे आणि परदेशातल्या वितरकाने ते शब्दशः उचलून ‘नाकातले नऊ’ करून टाकलं. तिकडचा प्रेक्षक बिचारा दीड-दोन तास ते नऊ शोधत बसेल. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोच्या पहिल्या मोठ्या सिनेमाचं अगदी हेच झालं. मूळ फ्रेंच नाव ‘ले कात्र साँ कू’. ‘चारशे कू करणे’ हा तिकडचा वाक्प्रचार आहे. उच्छाद मांडणे, वयात येताना करायचे ते सगळे नसते उद्योग करून घेणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत तो ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ होऊन गेला, म्हणजे चारशे फटके. सिनेमात पोराला थपडा बसतात खऱ्या, पण मोजून दोन-चार.

हा 1959 सालचा कृष्णधवल सिनेमा ‘पाहायलाच हवेत’ अशा प्रत्येक यादीत असतो. यादी बघून पहिल्यांदा पाहणारा मात्र हमखास विचारतो, यात एवढं काय आहे? प्रश्न रास्त आहे. शाळेत मन न रमणारा मुलगा, घरात सतत कुरबुर, पळून जाणं, एक छोटी चोरी, सुधारगृह. आज अशा गोष्टीचे सिनेमे पैशाला पासरी मिळतात. पण ते सगळे याच्यानंतरचे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी इथूनच काही ना काही उचललं आहे. त्यामुळे या सिनेमाचं कौतुक कशासाठी झालं हे समजायला आधी पाच वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे सिनेमा नाही, एक भांडण आहे.

1954 च्या जानेवारीत ‘काये द्यु सिनेमा’ या पॅरिसच्या मासिकात एक लेख आला. लिहिणारा त्रुफो तेव्हा 21 वर्षांचा होता. त्या काळी फ्रान्समधले नावाजलेले सिनेमे प्रतिष्ठित कादंबऱ्यांवर बेतलेले असत. झकपक सेट, मोठे नट, घोटीव संवाद. पटकथा बहुतेक वेळा त्याच दोन-चार नामवंतांच्या हातची. ओरांश आणि बोस्त ही जोडी त्यात अग्रभागी. त्रुफोचं म्हणणं थोडक्यात असं, की स्वयंपाक सगळा पटकथाकार करून ठेवतात आणि दिग्दर्शक उरतो फक्त वाढपी. त्याच्या आधी 1948 मध्ये अलेक्झांद्र आस्त्रुकने कॅमेऱ्याला पेनाची उपमा दिली होती. कादंबरीकार जसा पेनाने लिहितो तसा दिग्दर्शकाने कॅमेऱ्याने लिहावं. त्रुफो आणि त्याच्या मासिकातली मित्रमंडळी यांनी ही उपमा पुरती मनावर घेतली. सिनेमाचा खरा लेखक दिग्दर्शक, असं ते ठासून मांडू लागले. समीक्षेत ज्याला ‘ऑतर’चा विचार म्हणतात तो हाच. हिचकॉकसारख्या ‘धंदेवाईक’ मानल्या गेलेल्या दिग्दर्शकालाही कादंबरीकाराच्या तोलाचा मान द्या, असा त्यांचा हट्ट होता. पन्नासच्या दशकात हे बरेच जण हसण्यावारी नेत.

त्रुफोची जीभ तिखट होती. 1955 मध्ये ज्याँ देलानोआचा एक सिनेमा आला, तोही बालगुन्हेगारांवरचाच आणि पटकथा ओरांश-बोस्त यांचीच. बालन्यायालयाचा प्रेमळ न्यायाधीश झाला होता ज्याँ गाबाँ, म्हणजे तेव्हाचा फ्रान्सचा लाडका नट. मुलं दुःखी, न्यायाधीश कनवाळू, प्रेक्षक रुमाल काढून तयार. त्रुफोने त्या सिनेमाची सालटी काढली. यामागे नुसता सिद्धांत नव्हता. अशा कोठडीत आणि अशा सुधारगृहात तो स्वतः राहून आला होता.

त्याचा जन्म 6 फेब्रुवारी 1932 चा. आई अविवाहित, पुढे तिचं लग्न झालं आणि नवऱ्याने मुलाला आपलं आडनाव दिलं. पहिली काही वर्षं दाईकडे आणि आजीकडे गेली. आजी वारल्यावर तो आईवडिलांच्या छोट्याशा बिऱ्हाडात आला आणि कुणालाच नकोसा झाला. वाचन आणि सिनेमा हे दोनच आसरे. सोळाव्या वर्षी त्याने फिल्म क्लब काढला, कर्ज झालं, टाइपरायटर चोरून विकला, आणि वडिलांनीच त्याला पोलिसांच्या हवाली केलं. तिथून बाहेर काढणारा माणूस म्हणजे समीक्षक आंद्रे बाझाँ. बाझाँने त्याला नोकरी दिली, लिहितं केलं, पुढे त्रुफो लष्करातून पळाला तेव्हा पुन्हा सोडवलं. हा बाझाँ ‘काये’च्या संस्थापकांपैकी एक. 10 नोव्हेंबर 1958 ला त्रुफोने शूटिंग सुरू केलं आणि त्याच रात्री, अवघ्या चाळिशीत, बाझाँ ल्युकेमियाने गेला. सिनेमा त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

आता जरा गमतीचा भाग. 1958 च्या कान चित्रपट महोत्सवाने समीक्षक त्रुफोला बोलावलंच नव्हतं. महोत्सवावर त्याने इतकं झोडून लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, फ्रान्सने अधिकृतपणे पाठवलेल्या सिनेमांत याच माणसाचा सिनेमा होता आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक त्याला मिळालं. मुख्य पारितोषिक मार्सेल काम्यूच्या ‘ऑर्फ्यू नेग्रो’ला गेलं, पण चर्चा झाली ती सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या या दिग्दर्शकाची आणि त्याच्या 14 वर्षांच्या नटाची, ज्याँ-पिएर लेओची. शत्रू म्हणतील की हे सगळं जुळून आलं ते सासऱ्यामुळे. त्यात तथ्य आहेच. त्रुफोचे सासरे चित्रपट वितरक होते आणि पैशाची सोय बऱ्याच अंशी त्यांनीच केली. ज्या व्यवस्थेवर दगड मारले तिच्याच एका खांबाला टेकून सिनेमा उभा राहिला, असं म्हणता येईल.

मग सिनेमात वेगळं काय होतं? इथे जरा जवळ जाऊन पाहू.

आंत्वान द्वानेल हे त्या मुलाचं नाव. त्याचं घर म्हणजे इतकी चिंचोळी जागा, की हा दाराशेजारच्या बोळात झोपतो आणि रात्री उशिरा आलेली आई त्याला ओलांडून आत जाते. हे सेटवर नाही, पॅरिसमधल्या खऱ्या फ्लॅटमध्ये चित्रित केलं आहे. छायाचित्रकार आंरी दकाए हलक्या कॅमेऱ्याने, असेल त्या उजेडात काम करण्यात वाकबगार. त्यात त्रुफोने वापरला रुंद पडदा, जो तेव्हा लढाया आणि देखाव्यांसाठी असे. रुंद चौकटीत कोंदट खोली घातली की काय होतं? तिघं एकमेकांना सतत आडवे येतात, एकाला जागा करायची तर दुसऱ्याने सरकायचं. ज्यांचं लहानपण दहा बाय बाराच्या खोलीत गेलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि आंत्वान रस्त्यावर आला, की तीच चौकट एकदम मोकळी वाटायला लागते. शाळा बुडवून तो जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या पिंपात शिरतो, भिंतीला चिकटून उलटा होतो. त्या पिंपात शेजारी स्वतः त्रुफोही फिरतोय, हे एकदा माहीत झालं की नजर त्यालाच शोधते.

शाळेला दांडी मारल्याचं कारण मास्तरांनी विचारल्यावर आंत्वान सांगून टाकतो, ‘आई वारली.’ मास्तर क्षणात विरघळतात. थोड्या वेळाने जिवंत आई शाळेत हजर! हा प्रसंग त्रुफोच्या आयुष्यातून आलेला, फक्त त्याने खऱ्या शाळेत जर्मनांनी वडिलांना धरून नेल्याची थाप मारली होती. सिनेमात वडिलांची आई का झाली असेल? आदल्याच दिवशी आंत्वानने भर रस्त्यात आईला एका परक्या माणसाचं चुंबन घेताना पाहिलेलं असतं, आणि तिनेही याला पाहिलेलं असतं. यावर घरात दोघंही चकार शब्द काढत नाहीत. कुणी संवादातून समजावत नाही, पार्श्वसंगीत बोट दाखवत नाही. मुलाच्या तोंडून बाहेर पडतं ते एवढंच, आई मेली. देलानोआच्या सिनेमात इथे कुणीतरी मानसशास्त्र उलगडून सांगितलं असतं.

मानसशास्त्रावरून आठवलं, ते दृश्य तर फिल्म अ‍ॅप्रिसिएशनच्या वर्गात हटकून दाखवतात. वडिलांच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरला, विकता आला नाही म्हणून परत ठेवायला गेला आणि तेव्हाच पकडला गेला. (चोरताना नाही, परत ठेवताना. त्रुफोचा विनोद असा कडवट असतो.) सुधारगृहात एक मानसशास्त्रज्ञ बाई त्याला प्रश्न विचारते. बाई दिसतच नाही, फक्त आवाज येतो. कॅमेरा टेबलापलीकडून आंत्वानकडे रोखलेला, जागचा हलत नाही. लेओला संवाद दिलेले नव्हते. साधारण रोख काय ते सांगून प्रश्न स्वतः त्रुफोने विचारले. पुढे त्याच्या आवाजाच्या जागी बाईचा आवाज घातला. मुलगा हात चाळवतो, खांदे उडवतो, टेबलाकडे बघत बोलतो. तू खोटं का बोलतोस? कधी कधी खरं सांगितलं तरी लोक विश्वास ठेवत नाहीत, मग खोटंच बरं. आईला आपण नको होतो, आजीमुळे जन्माला आलो, हेही तो बसभाड्याची चौकशी करावी तशा सुरात सांगतो. मुलींबद्दलचा प्रश्न येतो तेव्हा असा काही हसतो, की तसं हसू कोणत्याही पटकथाकाराला कागदावर लिहिता येणार नाही.

त्रुफोचा पाच वर्षांपूर्वीचा लेख इथे पडद्यावर येतो. वाक्य कुणी घोटून दिलेलं नाही, तरी दृश्य ‘लिहिलेलं’ आहे: कुठे बघायचं, किती वेळ बघायचं आणि बाईचा चेहरा का दाखवायचा नाही, हे सगळं दिग्दर्शकाने ठरवलं आहे. आंत्वानचं पात्र कागदावर जरा भित्रं, दबलेलं होतं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला उत्तर देणाऱ्या शेकडो मुलांतून लेओ आला तो आगाऊ, बेडर. त्रुफोने पात्र त्याच्या मापाने बदललं. आंत्वानची कीव येत नाही ती यामुळेच.

समीक्षकांनी काय केलं? बहुतेकांनी डोक्यावर घेतलं. अमेरिकेत त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला सर्वोत्कृष्ट परदेशी सिनेमा ठरवलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरने भरभरून लिहिलं. ऑस्करला मूळ पटकथेसाठी त्रुफो आणि सहलेखक मार्सेल मुसी यांना नामांकन मिळालं, पारितोषिक गेलं ‘पिलो टॉक’ या हलक्याफुलक्या विनोदी सिनेमाला. पटकथाकारांवर तोफ डागून प्रसिद्ध झालेल्या माणसाचं नामांकन पटकथेसाठी व्हावं, यावर आणखी काय बोलायचं.

पण कौतुक करणाऱ्यांतही दोन तट दिसतात. काहींनी तो सामाजिक प्रश्नावरचा सिनेमा म्हणून वाचला: शाळा कशा आहेत, बालगुन्हेगारांना कसं वागवलं जातं वगैरे. ‘काये’च्या गोटाला मात्र सिनेमाच्या पद्धतीत रस होता, तिथे ज्याक रिव्हेतने लिहिलं. आता रिव्हेत म्हणजे त्रुफोचा मित्र, त्याच मासिकातला सहकारी. सिनेमात द्वानेल कुटुंब एका संध्याकाळी सिनेमाला जातं तो सिनेमा कोणता? रिव्हेतचाच, आणि तोही तेव्हा प्रदर्शितच झालेला नव्हता! ही आपसात पाठ थोपटण्याची सवय विरोधकांच्या डोळ्यांवर न आली तरच नवल. ‘पोझितीफ’ हे डाव्या विचारांचं प्रतिस्पर्धी मासिक या साऱ्या मंडळींवर खार खाऊन होतं. फ्रान्स अल्जीरियात युद्ध लढतोय आणि हे तरुण आपापल्या खोल्या, आपली प्रेमं आणि आपलं बालपण यांतच रमलेत, हा नव्या लाटेवरचा, म्हणजे या तरुण दिग्दर्शकांच्या सिनेमांवरचा, आक्षेप तेव्हापासूनचा. त्यात दम आहे, असं मला वाटतं. मात्र आंत्वानच्या सिनेमाला तो सगळ्यात कमी लागू पडतो. पोलिसांची पिंजऱ्याची गाडी रात्रीच्या पॅरिसमधून जाते, गजांमागून दिव्यांचं शहर दिसतं आणि पोराच्या गालावरून पाणी ओघळतं, हे दृश्य राजकीय नाही असं म्हणणं अवघड आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. शाळेतले मास्तर जरा व्यंगचित्रासारखे झालेत. आणि आईचं पात्र? क्लेअर मोरिएने तिला जीव लावून उभं केलं आहे, पण सिनेमा बराच वेळ तिच्याकडे मुलाच्या घुश्शातून बघतो. वडील विनोद करतात, आमलेट करतात, त्यामुळे सुटतात. कमी वयात मूल पदरात पडलेली, नोकरी करून घर चालवणारी बाई मात्र चिडचिडी आणि नटवी. याची झळ खऱ्या घरालाही बसली. ‘दिग्दर्शकाचं बालपण’ म्हणून वर्तमानपत्रांनी सिनेमाची जाहिरात करून टाकली, आईवडील दुखावले, वडिलांची संतापाची पत्रं आली. त्रुफोने मग लेख लिहून सांगितलं की हे माझं आत्मचरित्र नव्हे. ऑतरचा विचार मांडणाऱ्याला हे म्हणावं लागलं, हा पेच त्याच्या टीकाकारांच्याही लक्षात आला असेल. सिनेमा जर दिग्दर्शकाचं लेखन, तर त्यातली आई कुणाची?

आपल्याकडे या दिग्दर्शकाबद्दल एक जुना राग आहे. 1956 च्या कानमध्ये सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तून तो उठून गेला, हा किस्सा फिल्म सोसायटीच्या चहाबरोबर हमखास निघतो. तोही एका मुलाचाच सिनेमा, खऱ्या जागी, नवख्या नटांबरोबर केलेला. तीन वर्षांनी स्वतः जे करायचं ते समोर चाललेलं असताना हा दाराबाहेर! पुढे 1964 च्या ‘चारुलता’चा शेवट रायनी गोठलेल्या चौकटींवर, म्हणजे चालतं चित्र थांबवून, केला तेव्हा अनेकांना आठवला तो आंत्वानच.

आता ती गोठलेली चौकट. फुटबॉल चालू असताना आंत्वान कुंपणाखालून निसटतो आणि धावत सुटतो. कॅमेरा शेजारून धावतो, मध्ये कट नाही, मिनिटभराहून जास्त वेळ फक्त पावलांचा आवाज. मग वाळू, पाणी. तो लाटेत दोन पावलं टाकतो, वळतो, थेट कॅमेऱ्याकडे बघतो, आणि चित्र थांबतं. यात कॅमेऱ्याची करामत काही नाही. प्रयोगशाळेत फिल्मची तीच एक चौकट पुन्हा पुन्हा छापायची आणि छापताना चेहरा जवळ आणायचा. म्हणून शेवटी चित्र जरा खरखरीत दिसतं. टीव्ही मालिकांनी पुढे ही युक्ती इतकी झिजवली, की आज कुणाचाही चेहरा गोठला की आपल्याला ढँण ढँण ऐकू येतं. 1959 मध्ये मात्र सिनेमा असा प्रश्नावर सोडून देणं नवीन होतं. पुढे काय होणार, पकडतील का, सुधारेल का, याचं उत्तर प्रेक्षकालाच विचारल्यासारखं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याचा दगड आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा थिएटरात जी शांतता पसरते, ती याच जातकुळीची. फरक इतकाच, की जब्याला शत्रू कोण ते पक्कं ठाऊक आहे. आंत्वानच्या नजरेत तेवढीही खात्री नाही.

त्याचं पुढे काय झालं हे त्रुफोने आणखी चार सिनेमांतून सांगितलं, 1979 पर्यंत, दर वेळी लेओलाच घेऊन. मला ते पुढचे भाग आवडतात, पण त्या चेहऱ्याचं उत्तर म्हणून ते पटत नाहीत. लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ने 2022 मध्ये जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा सिनेमा पन्नासाव्या जागी आहे.

दुसऱ्यांदा पाहताना एका छोट्या दृश्यावर लक्ष ठेवा. न्यायाधीशासमोर आई बसली आहे. मुलाला कुठे पाठवायचं ते ठरतंय. ती जरा संकोचून विचारते, शक्य असलं तर समुद्राजवळ कुठे सोय होईल का? न्यायाधीश तिला सुनावतो की बाई, ही काही सुट्टीतली सहल नव्हे. बोलणं पुढे सरकतं. पण आंत्वान जातो ते केंद्र नॉर्मंडीत आहे, आणि पळत सुटलं की समुद्र लागेल इतकंच लांब.